वळचणीखालची जागा

पळसटोल्यात चर्च होतं, पण ते रविवारपुरतं. सोमवारपासून त्याच इमारतीत शाळा भरायची, बुधवारी आरमोरीहून नर्सबाई बैलबंडीत बसून यायच्या तेव्हा तिचा दवाखाना व्हायचा, आणि कुणाचं घर गळायला लागलं की त्याची धानाची पोतीही तिथंच येऊन पडायची. मातीच्या भिंती, वर कवेलूंचं छप्पर, खाली शेणानं सारवलेली जमीन. एका टोकाला लाकडाची वेदी आणि तिच्यापुढं दोरीवर सरकणारा जाडाभरडा पडदा. पडदा ओढलेला असला की इकडं पोरं पाढे म्हणायची, नर्सबाई गळवं फोडायच्या, बाया पोत्यांवर बसून एकमेकींच्या उवा काढायच्या, आणि देव पडद्याआड बसून सगळं ऐकायचा. देवाला याचा काही त्रास होत असेल असं गावात कुणाला वाटलं नव्हतं. ते फक्त फादरांना वाटायचं.

पडद्याची दोरी नीलाबाईच्या हाती होती. शनिवारी जमीन सारवायची, रविवारी मिस्सेच्या, म्हणजे वेदीवरच्या उपासनेच्या, आधी पडदा सरकवायचा, मिस्सा संपली की पुन्हा ओढायचा. हे काम तिला कुणी नेमून दिलं नव्हतं, तिनंच ते हळूहळू आपल्याकडं ओढून घेतलं. गाव म्हणायचं, बाई मोठी भाविक. भाविक ती होतीच. पण सारवण झालं की ती हात धुवायला इमारतीच्या मागं जायची आणि तिथं बराच वेळ थांबायची. हात धुवायला इतका वेळ कशाला लागतो, हे विचारायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

छप्पन साली चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात जनपद सभेची नवी शाळा बांधून झाली. पोरं तिकडं गेली, दवाखान्यालाही तिथंच एक खोली मिळाली. त्या रविवारी मिस्सा संपल्यावर फादर अलोशियस बोलायला उभे राहिले. ते मंगळुराकडचे, मराठी पुस्तकातून शिकलेले, त्यामुळं साधी गोष्टही धडा वाचल्यासारखी सांगायचे. पण त्या दिवशी त्यांचा चेहरा पोरासारखा फुलला होता.

"आता या वास्तूत केवळ प्रार्थना होईल," ते म्हणाले. "पडदा निघेल. वेदीच्या मागची भिंत पाडून आपण ती मागं सरकवू. छपरावर टिन येईल, खाली फरशी येईल. आजपर्यंत देव आपल्या शाळेत पाहुणा होता. आता त्याला स्वतःचं घर मिळेल."

लोकांना ते फार आवडलं. घरटी एक माणूस कामाला येईल असं तिथल्या तिथं ठरलं. सावलीहून मुखरू मिस्त्रीला बोलवायचं ठरलं. या आनंदात दोरी धरून उभ्या असलेल्या नीलाबाईकडं कुणाचं लक्ष जाणार? मागची भिंत हे शब्द ऐकले आणि दोरी ओढायचं ती विसरली. मिस्सा संपून एवढा वेळ झाला तरी त्या दिवशी पडदा उघडाच राहिला.

आता नीलाबाईचं दुखणं काय होतं ते सांगायला हवं, कारण ते गावाला ठाऊक नव्हतं. तिच्या सासूला, सुकरीला, ठाऊक होतं, पण ती दोन वर्षांमागं वारली. राहिले नवरा-बायको, नीलाबाई आणि लच्छू. आणि लच्छू तर असा माणूस, की ज्याला बैलाशी बोलतानाही शब्द जड व्हायचे.

काही वर्षांमागच्या श्रावणात नीलाबाईला दिवस पुरे व्हायच्या आधीच मुलगा झाला. पहाटे झाला. मुठीएवढं तोंड, रडायचीही ताकद नाही. नाल्याला पूर होता आणि फादर आरमोरीत अडकून पडले होते. लच्छू नाल्यापलीकडच्या टोल्यावरच्या धर्मशिक्षकाला आणायला निघाला, पण पूर ओसरेपर्यंत तोही अलीकडंच बसून राहिला. घरात बाळंतीण, लेकरू आणि सुकरी.

फादरांनी शिकवलं होतं की लेकराचा जीव जायला लागला आणि फादर जवळ नसले, तर कोणीही डोक्यावर पाणी ओतून बाप्तिस्मा देऊ शकतो. नीलाबाईला ते पाठ होतं, पाणी ओतताना म्हणायच्या शब्दांसकट. पण कोणीही म्हणजे बाळंतीण सोडून कोणीही, हे काय कुणी वेगळं सांगावं लागतं? नाळ गळून पडेपर्यंत बाळंतिणीचा हात विटाळाचा. ती पाण्याच्या मडक्याला शिवत नाही, चुलीला शिवत नाही, तर देवाच्या कामाला कशी शिवेल? तिनं सुकरीला विनवलं. सुकरी बाप्तिस्मा न घेतलेली, तिचे देव मोहाच्या झाडाखालचे. ती म्हणाली, "थंडं पानी टाकून मारून टाकतं का लेकराले?" आणि तिनं लेकरू चिंधीत आणखीच घट्ट गुंडाळलं.

पाण्याचा गडवा नीलाबाईच्या उशाशी होता. तिला प्यायला दिलेला, तिचा वेगळा. हात लांबवला असता तर पुरला असता. ती दिवसभर दाराकडं बघत राहिली आणि दिवस मावळायच्या आत लेकरू गेलं. लच्छू आणि धर्मशिक्षक ओले होऊन पोचले तेव्हा सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. धर्मशिक्षक हळहळला आणि परत गेला. पुढचं त्या घरानं आपलं आपण केलं.

बाप्तिस्म्यावाचून गेलेल्याला चर्चच्या मसणवट्यात जागा नव्हती. सुकरीला ती नकोच होती. तिच्या माणसांची रीत वेगळी. नाव न ठेवलेलं लेकरू दूर नेत नाहीत, ते घराच्या वळचणीखाली पुरतात. छपराचं पाणी त्याच्यावर ठिबकत राहिलं की त्याचा जीव निवतो, आणि आईची वाट विसरत नाही. नीलाबाईनं ते ऐकलं आणि एवढंच म्हणाली, "आपल्या घराच्या नाई. त्याच्या घराच्या वळचनीले ठेवा." लच्छूला समजलं. अंधार पडायच्या वेळी, पाऊस कोसळत असताना, त्यानं वेदीच्या मागच्या भिंतीलगत वळचणीखाली खड्डा केला, लेकरू ठेवलं, वर मातीची झाकणी ठेवली आणि माती सारखी केली.

पुढं एका रविवारी कुणीतरी फादरांना विचारलं, की पाणी ओतायला माणूस कसा लागतो? फादर म्हणाले, कसाही चालतो. बाई चालते, बाप्तिस्मा न झालेला चालतो, खुद्द लेकराची आईसुद्धा चालते. ते पुढं बोलत राहिले. नीलाबाई दोरी धरून उभी होती. तिच्या हातून दोरी सुटली नाही एवढंच. त्या दिवसापासून तिचं मन एकाच गोष्टीला धरून राहिलं, की मी नाही दिलं, पण त्याला पाणी मिळतं. पाऊस आला की देवाच्या छपरावरून थेंब पडतात. कवेलूंच्या टोकांखाली जमिनीत थेंबांनी खळग्यांची रांग पाडली होती, तिच्यातला कोणता खळगा आपला ते तिला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. पावसाळ्यात ती मागं जायची ते तो खळगा भरलेला बघायला.

मुखरू मिस्त्री आला आणि दुसऱ्याच दिवशी त्यानं दोरी लावून फक्कीची पांढरी रेघ मारली. नव्या वेदीच्या पायरीचा पाया बरोबर त्या खळग्यांवरून जात होता.

"मुखरूभाऊ," नीलाबाई म्हणाली, "हे रेघ थोडी अलीकडं नाई घेता येत का?"

"अलीकडं घेतली तं फादर उभे कुठी राहतीन? वेदीवर?" मुखरू आपल्याच बोलण्यावर खूश झाला. "आनि तुले काऊन पंचाईत, बाई? तुले सारवाचं काम बी नाई राह्यलं आता. फरशी येऊन राह्यली."

ती फादरांकडं गेली. ते नकाशा पसरून बसले होते. तिनं विचारलं, मागची भिंत तशीच नाही का ठेवता येणार? फादरांना वाटलं, इतकी वर्षं सारवण केलेलं माणूस जुन्या भिंतीला सोडायला तयार नाही. त्यांनी तिला खुर्ची दिली आणि प्रकाश कुठून येईल, माणसं कुठं गुडघे टेकतील, ते फार प्रेमानं समजावलं. ती ऐकत होती. खरं सांगितलं तर लेकरू उचलावं लागेल, आणि नाही सांगितलं तर कुदळीच्या टोकानं वर येईल. या दोन्हींतलं काय निवडायचं ते तिला कळेना, म्हणून ती हो हो करून परत आली.

घरी लच्छू वखराच्या पासेला, त्या लोखंडी पात्याला, धार लावत होता.

"तुमी पाह्यली का रेघ?"

"पाह्यली."

"त्याच्याचवरून गेली."

"पाह्यली म्हनलं ना." त्यानं पास उलटी करून दुसऱ्या बाजूनं घासायला घेतली. मग तो म्हणाला, "मी घेतो तेवढा कोपरा खोदाले. कोनाले नाई समजू देत."

"आनि पाह्यल्यावर काय करान?"

त्यानं पास बाजूला ठेवली आणि उगाच गोठ्यात जाऊन आला.

खोदायच्या दिवशी सकाळीच माणसं जमली. लच्छूनं कुदळ घेतली आणि मुकाट्यानं त्या कोपऱ्याकडं निघाला. पण मुखरूचा हिशोब वेगळा होता. त्यानं लच्छूला दगड वाहायला लावलं आणि तिथं झिंगूला उभं केलं. झिंगू गावातला धट्टाकट्टा गडी, कामाला लागला की मागंपुढं न पाहणारा. त्यानं कुदळ उचलली, आणि नीलाबाई चालत येऊन त्या जागेवर बसली. मांडी घालून, फक्कीच्या रेघेवर.

"ऊठ वो काकी," झिंगू म्हणाला. लोक हसले. मुखरू चिडला, मग त्यानं समजावलं, मग पुन्हा चिडला. ती जमिनीकडं बघत बसून राहिली. शेवटी कुणीतरी फादरांना बोलावून आणलं.

फादर तिच्यासमोर उकिडवे बसले. "काय झालं, नीलाबाई?"

"फादर, इथी माहा लेकरू हाये."

हसणं थांबलं. लच्छूनं हातातला दगड खाली ठेवला आणि तो तिच्या मागं येऊन उभा राहिला. मग तिनं सगळं सांगितलं. पूर, गडवा, झाकणी, वळचणीचं पाणी. सांगताना ती रडली नाही, रडली असती तर ऐकणाऱ्यांना सोपं गेलं असतं.

"पण मी शिकवलं होतं," फादर म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता. "संकटात कोणीही पाणी देऊ शकतो. तुम्ही वर्गात होता."

"होती. पन मी बाळंतीन होती, फादर. माहा हात विटाळाचा होता."

फादर तिच्या हातांकडं बघत राहिले. दर शनिवारी जमीन सारवणारे, वेदीवरचं कापड धुणारे ते हात. इतकी वर्षं या गावात राहून, इतके धडे देऊन, एवढी एक गोष्ट त्यांना कुणी सांगितली नव्हती, आणि त्यांनीही कधी विचारली नव्हती. ते मातीतच बसले. त्यांचा पांढरा झगा लाल मातीनं भरला आणि त्यांना त्याचं भान राहिलं नाही.

तरी नियम तो नियम. ते म्हणाले, "बाप्तिस्मा न झालेल्याला वेदीखाली ठेवता येत नाही, बाई. उचलावं लागेल. मसणवट्याच्या कुंपणाला लागून बाहेर जागा आहे. मी स्वतः येईन."

"मी उचलतो," लच्छू म्हणाला. "दुसऱ्या कोनी हात नाई लावाचा."

त्यानं कुदळ घेतली नाही. सुरीनं माती मोकळी केली आणि हातानं काढत गेला. नीलाबाई पदर पसरून काठाशी बसली. गाव गोल करून उभं होतं, मुखरूनं डोक्याचा पटका काढून हातात घेतला होता. कोपरभर खाली झाकणी लागली, दोन तुकडे झालेली. लच्छूनं ते तुकडे बाजूला ठेवले. मग तो बोटांनी चाचपत राहिला, इकडं, तिकडं, थोडं आणखी खाली. त्याची बोटं थांबायची आणि पुन्हा चालायची. खाली नुसती माती होती, आजूबाजूच्या मातीपेक्षा जराशी काळी, ओलसर आणि मऊ. एवढंसं लेकरू, इतक्या पावसाळ्यांचं पाणी. जे पाणी त्याला निववायला म्हणून मागितलं होतं, त्यानंच त्याला विरघळवून टाकलं होतं.

लच्छूनं ओंजळभर काळी माती वर काढली आणि बायकोपुढं धरली.

"हे माती हाये का तो हाये, मले नाई समजत, नीला," तो म्हणाला.

तिनं पदर पुढं केला, मग मागं घेतला. दोघंही त्या ओंजळीकडं बघत बसली. लच्छूसारखा माणूस सगळ्या गावासमोर ढसाढसा रडला, आणि हातात माती असल्यामुळं त्याला डोळेही पुसता येईनात.

फादर म्हणाले, "ठेवा ती परत. उचलण्यासारखं काही उरलेलं नाही. माती आहे, मातीला कुठलाही नियम लागत नाही." त्यांनी क्रूसाची खूण केली आणि ओठांतल्या ओठांत काही म्हटलं. मुखरूनं त्या दिवशी काम बंद ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी पायरीची रेघ तेवढी मागं सरकवून घेतली.

माणसं पांगल्यावर नीलाबाईनं फादरांना विचारलं, "आता पानी टाकलं तं चालते का, फादर?"

हो म्हणाले असते तर कोण त्यांना जाब विचारणार होतं? तिचं उरलेलं आयुष्य सुखात गेलं असतं. पण त्यांना खोटं बोलता यायचं नाही. "नाही, बाई," ते म्हणाले. "गेलेल्याला देता येत नाही." आणि ते खोलीत गेले ते दुपारच्या जेवणालाही बाहेर आले नाहीत.

पाऊस लागायच्या आत काम पुरं झालं. फार देखणं झालं. पांढऱ्या भिंती, उंच खिडक्या, काळी गुळगुळीत फरशी, वर चकचकीत टिन. पडदा निघाला, दोरीही निघाली. नागपूरहून मोठे फादर येऊन आशीर्वाद देऊन गेले. ती जागा आता आत आली होती, वेदीच्या पायरीला लागून. गावाच्या बाया नीलाबाईला सांगायच्या, "नशीबवान हाये तुहा लेकरू. देवाच्या पायाशी निजला." ती मान हलवायची. म्हणणाऱ्या चांगल्या मनानंच म्हणत होत्या. फादरांनी तिला फरशी पुसायचं काम दिलं. तिनं ते घेतलं.

श्रावणातल्या एका रविवारी पावसानं कहर केला. टिनावर असा आवाज की फादरांची मिस्सा कुणाला ऐकू येईना, त्यांचे ओठ तेवढे हलताना दिसत होते. पूर्वी अशा पावसात जागोजागी गंज-बादल्या ठेवाव्या लागायच्या, अंगावर पाणी पडायचं म्हणून माणसं सरकून बसायची. आता लोक वर बघत होते आणि एकमेकांना कोपरानं खुणावत होते. एक थेंब आत नाही. मुखरूचं काम म्हणजे काम. नीलाबाई पायरीजवळच्या फरशीकडं बघत होती. डोक्यावर एवढं पाणी कोसळत होतं आणि फरशी उन्हाळ्यातल्या खडकासारखी कोरडी होती.

मिस्सा संपली, माणसं दाराशी पाऊस थांबायची वाट बघत उभी राहिली आणि मग भिजतच निघून गेली. लच्छू तेवढा बाहेर ओट्यावर थांबला. नीलाबाई दारापाशी गेली. तिथं दगडी वाटीत पवित्र पाणी असतं. तिनं दोन्ही हातांची ओंजळ भरली आणि हळूहळू चालत पुढं आली. फादर बाजूच्या खोलीतून बाहेर येत होते. त्यांनी तिला पाहिलं, तिच्या हाताकडं पाहिलं. ते परत आत गेले आणि त्यांनी दार आवाज न करता लावून घेतलं.

ती त्या जागेवर बसली. शब्द तिला पाठ होते. पण ते नाव घेऊन सुरू करायचे असतात, आणि नाव तर कधी ठेवलंच नव्हतं. ती अडली. मग "बाळा" एवढंच म्हणून तिनं पुढचं सगळं म्हटलं, एकही शब्द न चुकता, आणि ओंजळ रिती केली.

पाणी फरशीवर पसरलं आणि थांबलं. मातीनं ते पिऊन टाकलं असतं, सारवणानंही पिऊन टाकलं असतं. फरशीनं प्यायलं नाही. मुखरूनं सांधे असे भरले होते की केसही आत गेला नसता. ती वाट बघत बसली. पाण्यात वरचं टिन दिसत होतं, तिचा चेहरा दिसत होता, आणि ते तसूभरही खाली उतरत नव्हतं.

"चाल," लच्छू दारातून म्हणाला. "पानी थांबलं."

"आली," ती म्हणाली. संध्याकाळच्या प्रार्थनेला माणसं यायची होती, कुणाचा पाय घसरला असता. तिनं पदराचं टोक घेतलं आणि फरशी पुसून कोरडी केली.